बदलीवरचा पोरगा : नवशिक्या मॅनेजरांसाठी मार्गदर्शिका

अभिनंदन! मेजर लीग बेसबॉलच्या एका संघाचे मॅनेजर म्हणून तुमची नेमणूक झाली आहे आणि पहिल्याच महिन्यात तुमच्या तिसऱ्या बेसवरच्या बुजुर्गाच्या मांडीचा स्नायू धरला आहे. म्हणजे आता ट्रिपल ए या लगेच खालच्या पायरीवरून एकवीस वर्षांचा एक पोरगा वर येणार. त्याच्याबद्दल वर्तमानपत्रं दोन वर्षं लिहीत आहेत, मालकाच्या नातवाकडे त्याच्या नावाचा टी-शर्ट आहे, आणि जनरल मॅनेजरने फोनवर बजावलं आहे की पोराला रेग्युलर खेळवायचं. घाबरू नका. रेग्युलर न खेळवता रेग्युलर खेळवल्याचं समाधान सगळ्यांना कसं द्यायचं, तेच इथे सांगितलं आहे.

क्रिकेटमधून आलेल्यांसाठी थोडी पूर्वतयारी. इथे मॅनेजर म्हणजे हॉटेलची बिलं भागवणारा गृहस्थ नव्हे. कोच आणि कप्तान यांच्याकडे मिळून जी सत्ता असते ती या एका माणसाकडे असते, आणि साठी उलटली तरी तो खेळाडूंचाच गणवेश घालून डगआउटमध्ये बसतो. हंगामात १६२ सामने असतात आणि ते सहा महिने आणि वर थोडे दिवस एवढ्यात उरकायचे असतात. रोज खेळायचं म्हटल्यावर रोज कुणाचं तरी काहीतरी दुखतंच. संघात २६ जण. फलंदाजाने दहापैकी तीनदा फटका वसूल केला तर तो उत्तम, अडीचदा केला तर चालण्यासारखा, आणि दोनदा केला तर आईशिवाय त्याला कुणी फोन करत नाही. हे प्रमाण तीन आकड्यांत लिहितात : ०.३००, ०.२५०, ०.२००. एका सामन्यात एकाला साधारण चार संधी. एवढं समजलं की तुम्ही निम्मे मॅनेजर झालात. उरलेलं निम्मं म्हणजे काहीही न सांगता पत्रकारांशी पंधरा मिनिटं बोलता येणं.

दुखापत कशी निवडावी

निवडणं तुमच्या हातात नसतं, पण नावं ठाऊक असावीत. २०१९ पासून या प्रकाराला ‘इंजर्ड लिस्ट’ म्हणतात. त्याआधी तीच ‘डिसेबल्ड लिस्ट’ होती. पिचर (इथला गोलंदाज) सोडून बाकीच्यांना तिच्यात किमान दहा दिवस काढावे लागतात, पिचरला पंधरा, मेंदूला हादरा बसला असेल तर सात, आणि प्रकरण गंभीर असेल तर साठ.

दहा दिवसांची यादी नवशिक्याने मनापासून पसंत करावी. तिच्यावर तीन दिवसांपर्यंत मागची तारीख टाकता येते, म्हणजे प्रत्यक्षात पोरगा येतो तो आठवड्याभरासाठी. एक दिवस विमानात, एक दिवस बॅटींची पिशवी कुठल्या शहरात राहिली ते शोधण्यात, एक दिवस आवराआवरीत. मधले चार दिवस सहज सरतात. ‘डे-टू-डे’ हा प्रकार याहून सुखाचा. खांदा दुखतो आहे, पण यादीत नाव नाही. आज नाही, उद्या बघू, परवा नक्की. अशा वेळी पोराला वर बोलवायचीच गरज पडत नाही, आणि तो खाली बसून रोज रात्री तुमच्या बुजुर्गाच्या खांद्याची बातमी शोधत राहतो.

साठ दिवसांची यादी मात्र अवघड. दोन महिने सबबी पुरवणं अनुभवी मॅनेजरलाही जमत नाही, आणि तेवढ्या काळात पोरगा खेळ शिकून बसण्याचा धोका असतो.

पोरगा कुठून येतो तेही पाहा. मुंबईच्या गिरण्यांत बदली कामगार असायचे. पाळी सुरू होताना फाटकाशी उभं राहायचं, कायम कामगार आला नाही तर त्याच्या मागावर उभं राहायचं, आला तर घरी जायचं. ट्रिपल ए मधल्या पोराची तऱ्हा तीच. फक्त इथलं फाटक विमानतळावर आहे आणि रोजी भलतीच आहे. २०२५ मध्ये मेजर लीगचा किमान पगार ७,६०,००० डॉलर होता, म्हणजे हंगामातल्या प्रत्येक दिवसाला चार हजारांच्या आसपास. खाली मायनर लीगमध्ये, २०२३ च्या करारानुसार, ट्रिपल ए चा वर्षाचा किमान पगार ३५,८०० डॉलर ठरला. वर नऊ दिवस काढले की खालचं वर्ष वसूल. कायम माणसाच्या मांडीकडे पोरगा कोणत्या नजरेने बघत असेल, याचा विचार शहाण्या मॅनेजरने करू नये.

त्याला काय सांगावं

काही सांगू नये.

तुमच्या खोलीत तो येईल, टोपी हातात घेऊन उभा राहील. ‘तयार राहा, बाळा’ एवढं म्हणायचं. किती दिवस, कोणत्या क्रमांकावर, चुकला तर काय, यातलं काहीही बोलायचं नाही. ‘पुढचे चार आठवडे तिसरा बेस तुझा, शंभरातल्या शंभर संधी फुकट गेल्या तरी तुझाच’ असं सांगितलं तर तो रात्री झोपेल. झोपलेला पोरगा दुसऱ्या दिवशी चेंडू बघतो, डगआउटकडे बघत नाही. मग मॅनेजरचा धाक तो काय राहिला?

जुन्या काळी काही मॅनेजरांकडून हा प्रमाद घडला आहे. १९५१ च्या मे महिन्यात न्यू यॉर्क जायंट्सनी विली मेजला मिनियापोलिसहून वर आणलं. वय वीस. खाली तो ०.४७७ ने फटके मारत होता. वर आल्यावर पहिल्या बारा संधींत शून्य. मग वॉरन स्पॅनला एक होमरन. मग पुन्हा तेरा वेळा शून्य. सव्वीसात एक! पोरगा रडला, मला परत पाठवा म्हणाला. इथे तुमच्या-माझ्यासारख्याने ताबडतोब होकार दिला असता. लिओ ड्यूरोशर या तोंडाळ आणि भांडखोर म्हणून गाजलेल्या माणसाने त्याला सांगितलं की मी मॅनेजर आहे तोवर सेंटर फील्डला तूच. झालं. मेज त्या वर्षीचा सर्वोत्तम नवोदित ठरला. मेजसाठी सेंटर फील्ड सोडावं लागलेल्या बॉबी थॉम्सनने ऑक्टोबरमध्ये बेसबॉलमधला बहुधा सर्वांत प्रसिद्ध होमरन मारून जायंट्सना पेनंट, म्हणजे लीगचं अजिंक्यपद, जिंकून दिलं, आणि तेव्हा पुढचा फलंदाज म्हणून मेज बाहेर बॅट घेऊन उभा होता. ज्याची जागा गेली तो आणि ज्याला जागा मिळाली तो, दोघंही कामाला आले. अशा अपवादांमुळे शिस्त बिघडते.

आपल्याकडेही २०२५ मध्ये असाच प्रकार नवी मुंबईत घडला. महिलांच्या विश्वचषकात प्रतिका रावल जायबंदी झाली आणि मूळ संघात नसलेली शेफाली वर्मा थेट उपांत्य सामन्यात आली. केल्या १० धावा. आमच्या पद्धतीप्रमाणे अंतिम सामन्याला ‘अनुभव’ हवा म्हणून तिला बसवता आलं असतं. बसवलं नाही. तिने ८७ धावा केल्या, वर दोन बळी घेतले आणि सामनावीराचा मान नेला. कोच होते अमोल मुझुमदार. १९८८ मध्ये सचिन आणि विनोद कांबळी यांची ६६४ धावांची भागी चालू असताना पॅड बांधून बसून राहिलेले, आणि पुढे प्रथम श्रेणीत अकरा हजारांवर धावा करूनही भारताची टोपी न मिळालेले. त्यांना बसून राहण्याबद्दल काही वेगळं ठाऊक असावं.

रेग्युलर म्हणजे काय

आता मूळ कौशल्य. पोरगा डावखुरा फलंदाज आहे असं समजू.

पहिल्या दिवशी त्याला खेळवाच. आईवडील रात्रभर गाडी हाकून आलेले असतात, कॅमेरा दर दहा मिनिटांनी त्यांच्याकडे वळतो. या दिवशी त्याला बसवणारा मॅनेजर मूर्ख. आठव्या क्रमांकावर घाला. दुसऱ्या दिवशीही खेळवा, म्हणजे ‘सलग’ हा शब्द वापरता येतो.

तिसऱ्या दिवशी समोर डावखुरा पिचर. बसवा. डावखुऱ्या फलंदाजाला डावखुऱ्या पिचरचा चेंडू उशिरा दिसतो, हे खरंच आहे, आकडेही तुमच्या बाजूचे आहेत. या युक्तीचं सौंदर्य पुढे आहे. डावखुऱ्यासमोर कधी उभाच न केल्यामुळे पोरगा डावखुऱ्यासमोर कच्चा राहतो, आणि पुढच्या वर्षी त्याला बसवायला तेच कारण पुन्हा मिळतं. स्वतःचा पुरावा स्वतः तयार करणारी दुसरी एवढी सोयीची पद्धत मला माहीत नाही.

चौथ्या दिवशी रात्रीच्या सामन्यानंतर लगेच दुपारचा सामना. ‘जरा श्वास घेऊ दे.’ पाचव्या दिवशी खेळवा, आणि आठव्या डावात दोन जण बेसवर असताना, म्हणजे ज्या क्षणासाठी पोरगा लहानपणापासून जागा राहिला त्या क्षणी, त्याच्याऐवजी पिंच हिटर पाठवा. सहाव्या दिवशी त्यालाच पिंच हिटर म्हणून नवव्या डावात बाहेर काढा. तीन तास बाकावर थंड पडलेला पोरगा ताशी शंभर मैलांचा चेंडू टाकणाऱ्यासमोर काय करतो ते बघा. तो तीन चेंडूंत परत येईल. परत येताना पाठीवर थाप द्या; कॅमेरा असतोच.

सहा दिवसांत चार सामन्यांत त्याचं नाव लागलं. पत्रकाराने विचारलं तर सांगा, सहापैकी चार. रेग्युलर आणखी काय असतं?

उरलेल्या वेळी खेळवायला चौतिसाव्या वर्षाचा एक भटका गृहस्थ हाताशी ठेवा. असे गृहस्थ प्रत्येक संघात असतात. सहा संघ फिरलेले, पाच जागांवर बेताचं खेळणारे, कधीही तक्रार न करणारे. त्यांच्याबद्दल मला मनापासून आदर आहे. बाकावर बसणं ही त्यांनी कमावलेली विद्या आहे. पण त्यांची ही विद्या एकविसाव्या वर्षी कुणाला शिकवावी असं मला वाटत नाही. फलंदाजीतला अंदाज रोज चार वेळा उभं राहून येतो आणि चार दिवस न उभं राहिल्याने जातो. हे वाक्य मार्गदर्शिकेच्या विरोधात आहे, तेव्हा सोडून पुढे चला.

नमुन्याचा सदुपयोग

तीन आठवडे झाले. पोराच्या साठ संधी भरल्या. आता निकाल लावायची वेळ.

फटके बारा असतील तर ०.२००. सांगा, ‘लय सापडत नाहीये, खाली जाऊन रोज खेळला तर त्याच्याच हिताचं.’ (इथे रोज का खेळला नाही, असं कुणी विचारत नाही. विचारलं तर पाणी प्या.) फटके वीस असतील तर ०.३३३. मग सांगा, ‘नमुना लहान आहे, एवढ्यावरून काही ठरवता येत नाही.’ नमुना दोन्ही वेळा साठाचाच. वाईट निघाला की तो पुरेसा असतो, चांगला निघाला की लहान.

खरं गणित असं आहे. ज्याची खरी कुवत ०.२७० ची आहे, म्हणजे जो चांगला रोजचा फलंदाज आहे, त्याच्या साठ संधींत सरासरी सोळा फटके निघतील. पण केवळ नशिबाच्या हेलकाव्याने ते तेरा ते वीसच्या दरम्यान कुठेही जाऊ शकतात, आणि साधारण चारातल्या एका वेळी तर त्याच्याही बाहेर. दोन चेंडू क्षेत्ररक्षकाच्या हातात न जाता वीतभर बाजूला पडले, एक टोपीत उन्हाची तिरीप आली म्हणून सुटला, की पोरगा ‘लय सापडलेला’ होतो. साठ संधींवरून माणूस ओळखणारा मॅनेजर पत्रिका बघून लग्न जुळवणाऱ्यापेक्षा फार पुढे गेलेला नाही.

बाल्टिमोर ओरिओल्सचा मॅनेजर अर्ल वीव्हर याला हे गणित आतून ठाऊक असावं, किंवा तो नुसताच हट्टी असेल. ओरिओल्सनी १९८२ च्या जानेवारीत तिसऱ्या बेसवरचा डग डिसिन्सेस चांगला खेळत असताना दुसऱ्या संघाला देऊन टाकला, कारण ती जागा कॅल रिपकन नावाच्या पोराला द्यायची होती. दुखापतीची वाट बघण्याऐवजी जागाच रिकामी केली म्हणा ना. पहिल्या दिवशी रिपकनने होमरन मारला. तो धरूनही मे उजाडेपर्यंत हिशेब झाला साठ संधींत सात. ०.११७! प्रेक्षक, वर्तमानपत्रं, रस्त्यावरची माणसं, सगळ्यांना उत्तर माहीत होतं. वीव्हर त्याला खेळवत राहिला. रिपकन त्या वर्षीचा सर्वोत्तम नवोदित झाला, आणि ३० मे १९८२ ला जो खेळायला उभा राहिला, त्याने सप्टेंबर १९९८ पर्यंत एकही सामना चुकवला नाही. सलग २,६३२ सामने. त्या सोळा वर्षांत त्याच्या दुखापतीची वाट बघत बसलेल्या किती पोरांची दाढी पिकली असेल ते वेगळंच.

माइक ट्राउटचा दाखला आपल्या पद्धतीला जवळचा आहे. जुलै २०११ मध्ये पीटर बोर्जोसचा हॅमस्ट्रिंग दुखावला म्हणून एंजल्सनी एकोणीस वर्षांच्या ट्राउटला आणलं. बोर्जोस बरा झाला, ट्राउट खाली. मग पुन्हा वर. सगळं मिळून ४० सामने, १२३ संधी, ०.२२०. हे आकडे बघून त्याचं काही होणार नाही असं खुशाल म्हणता आलं असतं. गंमत अशी की १३० संधींच्या आत राहिल्याने नियमाप्रमाणे तो पुढच्या वर्षीही ‘नवोदित’च राहिला, आणि २०१२ मध्ये तो मान त्याला एकमताने मिळाला.

भिंतीवरचं कॅलेंडर

आता हे प्रकरण मॅनेजरचं नसून वरच्या मजल्यावरचं आहे, पण तोंड तुमचं वापरलं जातं म्हणून शिकून घ्या. मेजर लीगमध्ये १७२ दिवस भरले की खेळाडूचं एक वर्ष धरतात. अशी सहा वर्षं झाली की तो मोकळा. कुणाकडेही जाऊन पैसे मागू शकतो. तेव्हा पोराचे पहिल्या वर्षी १७१ दिवस भरले तर संघाला त्याचं एक वर्ष जवळजवळ फुकट मिळतं. हा हिशेब तिसरीतल्या मुलालाही जमतो आणि पदवीधर जनरल मॅनेजर तो केल्याचं कधी कबूल करत नाही.

क्रिस ब्रायंटने २०१५ च्या सराव सामन्यांत नऊ होमरन मारले. शिकागो कब्जनी त्याला खाली पाठवलं. क्षेत्ररक्षण सुधारायला हवं म्हणाले. हंगाम ५ एप्रिलला सुरू झाला. पुढे त्याच्या जागेवरच्या माइक ओल्टच्या मनगटाला चेंडू लागला, आणि १७ एप्रिलला, एक वर्ष पूर्ण होण्याची शक्यता एका दिवसाने हुकल्यावर, ब्रायंटचं क्षेत्ररक्षण सुधारलं. त्या मोसमात भरले नेमके १७१ दिवस. पहिल्या सामन्यात चारपैकी शून्य, तीनदा स्ट्राइकआउट. दुसऱ्या दिवशीही खेळवला, हे कब्जच्या बाजूने सांगायलाच हवं. तो सर्वोत्तम नवोदित झाला, पुढच्या वर्षी लीगचा सर्वोत्तम खेळाडू झाला, आणि कब्जनी १०८ वर्षांनी विश्वविजेतेपद मिळवलं. एका दिवसाबद्दलची त्याची तक्रार २०२० मध्ये फेटाळण्यात आली. २०२२ च्या करारात मात्र असं ठरलं की नवोदिताच्या मतदानात पहिल्या दोघांत आलेल्याला पूर्ण वर्ष धरायचं. म्हणजे आता पोरगा फार चांगला निघणार असेल तर ही युक्ती चालत नाही. मध्यम चांगला असेल तर चालते.

याला जोडूनच ‘ऑप्शन’. तरुण खेळाडूला तीन हंगाम हवं तेव्हा खाली पाठवता येतं. २०२२ पासून एका हंगामात पाचदाच. ज्याचे ऑप्शन संपले त्याला खाली पाठवायचं तर आधी बाकीच्या सगळ्या संघांपुढे ठेवावं लागतं आणि कुणीतरी त्याला उचलून नेऊ शकतं. त्यामुळे जागा एक आणि माणसं दोन झाली की प्रश्न चांगला कोण हा नसतो, कुणाला पाठवणं फुकट पडतं हा असतो. ते कायम पोरालाच पडतं. हे पोराला समजावून सांगायच्या भानगडीत पडू नका. त्याच्या एजंटने त्याला पंधराव्या वर्षीच सांगितलेलं असतं.

पिपची डोकेदुखी

प्रत्येक मॅनेजरला ही गोष्ट पाठ हवी. न्यू यॉर्क यांकीजचा पहिल्या बेसवरचा वॉली पिप याचं एके दिवशी डोकं दुखलं, त्याने ॲस्पिरिन मागितली, मॅनेजर म्हणाला आज विश्रांती घे, आणि त्याच्या जागी आलेला लू गेरिग पुढे २,१३० सामने जागचा हलला नाही.

गोष्ट सुंदर आहे. घडलं ते असं. १९२५ साली यांकीजचं काही खरं नव्हतं. बेब रूथ स्वतः आजारपणातून १ जूनला उठून आला होता. त्याच दिवशी गेरिग एका सामन्यात पिंच हिटर म्हणून उतरला आणि तिथून त्याची गणती सुरू झाली. दुसऱ्या दिवशी मॅनेजर मिलर हगिन्सने पिपसकट तिघा नेहमीच्या खेळाडूंना एकदम बसवलं, कारण संघ हरत होता आणि पिपची बॅट चालत नव्हती. डोक्याला मार बसला तो जुलैमध्ये, सरावात चेंडू लागून. पिपला रुग्णालयात जावं लागलं. लोकांनी दोन्ही एकत्र करून गोळी केली. पुढच्या हंगामाआधी पिप सिनसिनाटीला विकला गेला.

तरीही ॲस्पिरिनची आवृत्तीच चालू ठेवा, कारण तिचा धाक उपयोगी आहे. तिच्यामुळे बुजुर्ग खेळाडू दुखणं लपवतात, मांडी अर्धी बरी झाली असताना ‘मी ठीक आहे’ म्हणत परत येतात आणि तीन दिवसांत पुन्हा दुखावून घेतात. मग पोराला परत बोलवा. तो विमानतळावरून नुकता घरी पोचलेला असतो. नियमाप्रमाणे खाली पाठवलेल्याला दहा दिवस खालीच राहावं लागतं, पण कुणी दुखावलं असेल तर ती अटही सुटते. सगळी सोय आहे.

बुजुर्गांची भीती निराधार नाही, हेही खरं. २०१८ च्या नवोदितांत शोहेई ओहतानीच्या खालोखाल मतं मिळालेला यांकीजचा मिगेल आंदुहार २०१९ मध्ये खांदा दुखावून बारा सामन्यांत गारद झाला. त्याच्या जागी जिओ उर्शेला आला, ज्याच्याकडून कुणाची काही अपेक्षा नव्हती, आणि त्याने ०.३१४ ने फटके मारले. त्या वर्षी यांकीजचे ३० जण यादीत गेले, तरी संघाने १०३ सामने जिंकले. मॅनेजर ॲरन बून काही चमत्कार करत नव्हता. उरलेल्यांतून रोज नऊ नावं लिहीत होता. आंदुहारला यांकीजमध्ये तिसरा बेस कायमचा असा पुन्हा मिळाला नाही. तो तेव्हा चोवीस वर्षांचा होता. हे प्रकरण केवळ म्हातारा विरुद्ध पोरगा असं असतं तर सोपं झालं असतं.

निरोप

बुजुर्ग बरा होत आला की त्याला रिहॅबसाठी खालच्या संघात पाठवतात, जास्तीत जास्त वीस दिवस. बहुधा त्याच ट्रिपल ए च्या गावी, पोराच्या जुन्या लॉकरशेजारी. प्रथेप्रमाणे तो तिथल्या पोरांना एका रात्री झकास जेवण घालतो. ते जेवण फक्त आपला पोरगा चुकवतो, कारण तो वर त्याच्या जागेवर खेळत असतो. हे वीस दिवस पोरगा स्वतःचे आकडे बघत नाही, बुजुर्गाचे बघतो. तुम्हीही तेच बघा.

काही नेहमीचे प्रश्न

पोरगा ०.३१० वर आहे आणि बुजुर्ग परत आला. कुणाला बसवू?
पत्रकारांना हसून सांगा, ‘ही तर सुखाची अडचण.’ मग पोराला बसवा. ज्याला हे पटत नसेल त्याने मॅनेजर टोनी ला रूसाचं २००१ साल बघावं. तेराव्या फेरीत निवडलेला, ट्रिपल ए चं पाणी जेमतेम चाखलेला अल्बर्ट पुहोल्स सराव शिबिरात होता. त्याला संघात जागा नव्हती. बॉबी बोनिया या बुजुर्गाचा हॅमस्ट्रिंग दुखावला आणि जागा झाली. बोनिया परत आला तेव्हा ला रूसाने पुहोल्सला तिसरा बेस, आउटफील्डची डावी बाजू, उजवी बाजू, पहिला बेस असं फिरवलं, पण लाइनअपमधून काढलं नाही. चार वेगवेगळ्या जागा, १६१ सामने, ०.३२९, ३७ होमरन. खेळवायचंच असेल तर जागा सापडते, हा त्या हंगामाचा त्रासदायक निष्कर्ष.

पोरगा स्वतःच दुखावला तर?
होतंच ते. ट्राउटची पोटरी २०२१ मध्ये गेली तेव्हा जुलैत एंजल्सच्या आउटफील्डमध्ये ब्रँडन मार्श नावाचा नवा पोरगा उभा होता. त्याला काय सांगावं, ते वर लिहिलं आहे.

मी पोराला चार आठवडे सलग खेळवलं, तो अपयशी ठरला आणि माझी नोकरी गेली. आता?
खरं आहे, असं होतं. मॅनेजरला ऑप्शन नसतात. ड्यूरोशरही शेवटी जायंट्समधून गेलाच, पण सेंटर फील्डमुळे नव्हे.

आणि तो खरंच मोठा खेळाडू निघाला तर?
मग पत्रकार परिषद होईल. स्काउट म्हणेल, मी त्याला शाळेत असतानाच हेरलं होतं. जनरल मॅनेजर म्हणेल, आमची योजना पहिल्यापासून हीच होती. मालक नातवाला घेऊन येईल. तुम्ही कडेला बसून मान डोलवा, आणि काही झालं तरी बोनियाच्या हॅमस्ट्रिंगचं नाव काढू नका.